पेट्रोलची तोटी कोणी बंद केली?

विमान भाताच्या शेतात नाक खुपसून उभं होतं, आणि मी त्याच्या मागच्या सीटवर अंग चोरून एका छोट्या दांडीकडे बघत बसलो होतो. दांडी 'बंद'वर होती. ती 'चालू'वर असायला हवी होती. एवढ्याशा गोष्टीने माझी दुपार नासली.

ही दांडी म्हणजे पेट्रोल कॉकची. साध्या भाषेत, टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलची तोटी. घरातली मोरीची तोटी बंद केली की बादली भरायची थांबते, तसं ही बंद केली की इंजिन थांबतं. फरक इतकाच, की मोरी दोन हजार फुटांवर नसते.

मी तेव्हा विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या खात्यात इन्स्पेक्टर होतो. गोष्ट साठ सालच्या आगेमागची. मोठे अपघात मोठ्या साहेबांकडे जात. क्लबांची शिकाऊ विमानं कुठे शेतात, कुठे खाजणात टेकली, की फणसेला पाठवा. फणसे म्हणजे मी. त्या वर्षी अशा किरकोळ अपघातांची माळच लागली होती, आणि बहुतेक फाइलींवर शेवटी एकच शेरा पडत होता: पायलट एरर. म्हणजे चूक चालवणाऱ्याची. हा शेरा फार सोयीचा असतो. कोणाला काही दुरुस्त करावं लागत नाही, एका माणसाचं नाव कापलं की झालं.

या वेळचं नाव होतं मिस उषा बांदेकर, वय वर्षं वीस. मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबची विद्यार्थिनी. खाडी ओलांडून कर्नाळ्याच्या सुळक्यापर्यंत यायचं, वळसा घालून परत जायचं, असा तिचा एकटीचा सराव होता. परतीच्या वाटेवर थोडी उंची कमी करायला तिने नाक खाली केलं आणि इंजिन खोकून बंद पडलं. पनवेलहून जासईकडे जाताना एक गाव लागतं, तिथलं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात नुकतंच कापून झालं होतं. त्या मोकळ्या शेतात तिने विमान उतरवलं. बांध आडवा आला, चाकं मोडली, नाक रुतलं, आणि तिची हनुवटी समोर आपटली. बाकी ठीक. माझ्या मते उतरवणं झकास होतं. मी स्वतः एवढ्या जागेत सायकल उतरवली नसती.

मी आणि दोन मेकॅनिक ठाणे, शीळ असं करत जीपने पोचलो तेव्हा चार वाजले होते. विमानाला वेढा घालून अख्खं गाव उभं होतं, आणि गावाला वेढा घालून एक हवालदार. त्याने मला कडक सलाम ठोकला.

"साहेब, सकाळपासून बंदोबस्त आहे. सगळ्यांना ताकीद दिलीय. जो विमानाला हात लावेल त्याला थेट आत टाकीन."

"शाबास," मी म्हटलं. ही शाबासकी मला दुसऱ्या दिवशी परत घ्यावी लागली.

मी गावकऱ्यांकडे वळून मोठ्याने विचारलं, "विमानाला कोणी हात लावला होता का? आतलं काही हलवलं का?"

हवालदाराने काठी आपटली. गाव एका सुरात म्हणालं, "नाय साएब! कोनी नाय लावला!"

मी वहीत लिहिलं: कोणीही हात लावलेला नाही. मग आत चढलो, आणि ती दांडी दिसली. शिवाय थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करायचा दांडा, पूर्ण पुढे. तिसरा एक दांडा असतो, ट्रिमचा, विमानाचं नाक वरखाली तोलून धरायला. तोही पार मागे ओढलेला. शांतपणे उतरलेल्या माणसाच्या कॉकपिटमध्ये असं दृश्य नसतं. हे तर गाय उधळून गेल्यानंतरच्या गोठ्यासारखं होतं.

मिस बांदेकरांना पनवेलच्या दवाखान्यात ठेवलं होतं. हनुवटीला पट्टी, मांडीवर बंद मुठी. मी जाताच उठून उभी राहिली.

"बसा. फक्त झालं ते क्रमाने सांगा."

तिने सांगितलं. इंजिन बंद पडलं. वेग सांभाळला. शेत हेरलं. थ्रॉटल मागे घेतला. इग्निशन स्विच बंद केले. टेकलं. नंतरचं नीट आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा बांधावर सावलीत होती आणि कोणीतरी तोंडावर पाणी मारत होतं.

"आणि पेट्रोल कॉक?"

आता जरा समजावून सांगतो. इंजिन बंद पडून शेतात उतरायची वेळ आली, तर टेकण्याआधी पेट्रोल कॉक बंद करायचा असतो. पाईप तुटला तर आग लागू नये म्हणून. हे विद्यार्थ्यांकडून अगदी पाढ्यांसारखं घोकून घेतात. तिने नुसतं "हो, केला" म्हटलं असतं तर बंद दांडीचं कोडं तिथेच सुटलं असतं.

"विसरले सर," ती म्हणाली.

"आठवून सांगा. घाईत हात आपोआप जातो कधी कधी. केलाही असेल."

"नाही सर. बांध समोर आला तेव्हाच आठवलं, कॉक राहिला. तेवढ्यात आपटलं."

"मिस बांदेकर, दांडी बंद मिळाली आहे."

या वाक्याचा अर्थ तिला माझ्याइतकाच कळत होता. उतरताना बंद केली नाही, कोणी हात लावला नाही, आणि तरी बंद आहे, म्हणजे हवेत असतानाच तिच्या हाताने किंवा कोपराने बंद झाली. म्हणून इंजिन थांबलं. म्हणजे पायलट एरर.

"मी खोटं नाही सांगत," ती म्हणाली. "पण मग मला कळत नाही." आणि मग, हनुवटीची पट्टी चाचपत, "बाबांनी एकाच अटीवर परवानगी दिली होती सर. माझ्या चुकीने एकदा जरी काही झालं, तर उडणं बंद. ते शब्दाचे पक्के आहेत."

मी बाहेर आलो तो स्वतःवरच चिडून. तिला खोटं बोलायची वाट मीच दाखवली होती, चौकशी अधिकाऱ्याने. दया आली म्हणून दाखवली, हे खरं. पण दाखवली. त्याची लाज मला आजही वाटते.

पोस्टातून मुंबईला ट्रंक कॉल लावला आणि दांड्यांचं सगळं सांगितलं. आमचे साहेब मेनन. माणूस हुशार, पण फाइल फार वेळ उघडी राहिली की त्यांना सर्दी व्हायची. त्यांचं इंग्रजी मी इथे मराठीत देतो.

"क्लबचाही तोच अंदाज आहे, फणसे. पोरगी घाबरली, हाताला लागेल ते ओढलं. थ्रॉटल, ट्रिम, सगळं तेच सांगतंय. उद्या विमान ट्रकवर चढव, परवा रिपोर्ट दे."

"सर, इंजिन अजून तपासलेलं नाही."

"मागच्या वेळी तू वेग मोजायच्या नळीतून कुंभारमाशीचं घर काढलंस. या वेळी काय काढणार? साप?"

लाइन कटली. मेननसाहेबांचा शेवटचा शब्द ट्रंक लाइनसुद्धा पाळत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात गेलो. मेकॅनिक पंख सोडवू लागले. शेजारीच कापलेल्या भाताचे भारे रचलेले होते, त्यांच्यावर मी बूड टेकलं आणि ताडकन उठलो. पँटला पेट्रोलचा वास! खालच्या दोन-तीन भाऱ्यांना नाक लावलं. घमघमाट. इन्स्पेक्टर भाताला हुंगतोय हे बघून गावाची चांगली करमणूक झाली. इंजिनाकडे जाणारा पेट्रोलचा पाईप पुढच्या बाजूला तुटला होता आणि तुटकं तोंड बरोबर त्या भाऱ्यांवर होतं.

मी तिथेच उभा राहून हिशेब मांडला. तोटी हवेतच बंद झाली असती, तर पाईपमधलं होतं नव्हतं ते पेट्रोल इंजिनाने पिऊन टाकलं असतं आणि मगच ते थांबलं असतं. मग जमिनीवर पाईप तुटल्यावर गळायला काय उरलं असतं? फार तर चार थेंब. इथे तर तीन भारे भिजले होते. म्हणजे विमान टेकलं तेव्हा तोटी उघडी होती. आणि टाकीत पेट्रोल अजून शिल्लक होतं, म्हणजे नंतर कोणीतरी ती बंद केली. मिस बांदेकर तर बांधावर बेशुद्ध.

मग कोणी?

मी हवालदाराकडे बघितलं. काठी, मिशी, ताकीद. आणि माझा कालचा प्रश्न आठवला: 'हात कोणी लावला?' अहो, अशा प्रश्नाला कोण हो म्हणेल? मी असतो तर मीही नसतं म्हटलं.

"हवालदार, तुम्ही कालपासून उभे आहात. जीप घेऊन पनवेलला जा, चहा-नाश्ता करून या. आरामात."

जीप दिसेनाशी झाल्यावर मी बांधावर बसलो. "हे भात कोणाचं?"

"आमचा," एक पन्नाशीचा काटक माणूस पुढे आला. बामा म्हात्रे. मागोमाग त्याची बायको, गोमाबाई, हातात विळा.

"बामाशेठ, काल इथे आग लागायची होती. लागली असती तर विमान, भात आणि पोरगी, तिन्ही गेली असती. कोणाच्या तरी अकलेने ती लागली नाही. त्या माणसाचे मला आभार मानायचे आहेत."

बामा पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडू लागला. गोमाबाईंनी रस्त्याकडे बघून जीप खरंच गेल्याची खात्री केली.

"मी केली बंद," त्या म्हणाल्या. "आता आत टाकाचं तं टाका."

"गोमे, गप!" बामा पुटपुटला.

"तू गप! तुज्या तोंडान बिडी व्हती!" मग माझ्याकडे वळून, "साएब, इमान पडला, आमी धावलो. पोरीला खाली काढली, ह्याने उचलून बांधावर ठेवली. मी बगते तं भाऱ्यांवर धार लागली. राकेलासारका वास. न हा बाबा बिडी घेऊन उभा! बिडी खेचली न चिखलान दाबली."

"आणि मग?"

"मंग काय, धार थांबवाची तं खटका पायजे. हा भाताच्या गिरनीवर इंजान चालवाचा. रोज भाकर घेऊन जायची मी, खटका बगितलेला हाय. तवा चढली वर. पयला दांडा पुढं लोटला, काय नाय. दुसरा मागं वढला, काय नाय. तिसरा वढला न धार थांबली." त्यांनी विळा या हातातून त्या हातात घेतला. "पयले दोन तसेच ऱ्हायले. ते परत लावाचे व्हते काय?"

मी हसू लागलो ते थांबेनाच. थ्रॉटल पूर्ण पुढे, ट्रिम पार मागे, कॉक बंद. गाय उधळली नव्हती. गोमाबाईंनी क्रमाने, थंड डोक्याने, तीन खटके तपासले होते.

"काल का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलात, हात कोनी लावला. तो काठी घेऊन उबा. न हात तं मी लावलेला."

मी तिथल्या तिथे त्यांचा जबाब लिहून घेतला आणि अंगठा घेतला. आता उरला मूळ प्रश्न. तोटी उघडी होती, टाकीत पेट्रोल होतं, मग इंजिन थांबलं का? टाकीच्या तळातून मी काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढलं आणि बरणी उन्हात धरली. वर पेट्रोल, आणि खाली, वेगळा थर करून, स्वच्छ पाणी. कार्ब्युरेटर उघडला, तिथेही पाणी. विमान सरळ उडत असतं तेव्हा हे पाणी तळाशी मुकाट पडून राहतं. नाक खाली केलं की ते थेट तोटीकडे धावतं. इंजिन पाण्यावर चालत नाही.

पण टाकीत पाणी आलं कसं? झाकण घट्ट होतं. म्हणजे भरतानाच गेलं. दुपारी मी क्लबच्या हँगरमध्ये हजर झालो.

तिथे सगळं चकचकीत होतं. दोनच दिवसांपूर्वी दसरा झाला होता. प्रत्येक पान्यावर, प्रत्येक जॅकवर कुंकवाचं बोट, दारावर झेंडूच्या सुकत चाललेल्या माळा. पेट्रोल भरायचं काम दामू मिस्त्रींकडे. सरळ, देवभोळा माणूस. त्यांनी मला सगळं दाखवलं. पिंपातून पेट्रोल नरसाळ्यात ओतायचं, आणि नरसाळ्यात चामडं बसवायचं. हे चामडं मऊ, पातळ असतं. त्यातून पेट्रोल जातं, पाणी वर अडतं. विमानाच्या पेट्रोलचा तो पहारेकरी.

"चामडं दाखवा."

दामू मिस्त्रींनी पत्र्याचा डबा आणला, अभिमानाने झाकण काढलं. पेट्रोल पिऊन पिऊन हे चामडं काळपट, तेलकट व्हायला हवं. हे अगदी धुतल्या तांदळासारखं. हाताला ओलसर. कोपऱ्यात कुंकवाचा टिळा.

"हे धुतलंत?"

"मग! खंडेनवमीला, साहेब. सगळ्या हत्यारांना आंघोळ घालतो, मगच पूजेला मांडतो. चामडं तर सगळ्यात आधी. त्याच्यावर माणसांचा जीव असतो." त्यांनी तीन बोटं वर केली. "स्वच्छ पाण्याने तीनदा धुतलं, पिळलं, पूजा केली, डब्यात ठेवलं."

मी दोन नरसाळी आणि दोन बरण्या मागवल्या. एकात पेट्रोलने भिजवलेला जुना चामड्याचा तुकडा, दुसऱ्यात दामू मिस्त्रींचं आंघोळ केलेलं चामडं. दोन्हींत पाणी मिसळलेलं पेट्रोल ओतलं. पहिल्याने पाणी वरच अडवलं. दुसऱ्यातून पाणी सरळ खाली उतरलं. या चामड्याचा स्वभाव असा, की पेट्रोल आधी प्यायलं तर ते पाण्याला थारा देत नाही. आधी पाणीच प्यायलं, तर पाण्याशीच दोस्ती करतं.

दामू मिस्त्री बरणीच्या तळातल्या पाण्याकडे बघत राहिले. "दर वर्षी धुतो साहेब. कधी काही झालं नाही."

"दर वर्षी पिंपात पाणी नसेल."

या वर्षी होतं. नवी शेड गळत होती आणि पिंप पावसाळाभर आडवं न ठेवता उभं ठेवलं होतं. वर पाणी साचून बुचातून आत झिरपलं. सकाळी टाकीचा तळ तपासला होता, पण तो पेट्रोल भरायच्या आधी. भरलं आणि लगेच विमान गेलं. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी जमल्या, आणि त्या दिवशी मिस बांदेकरांची पाळी होती.

"माझं नाव लिहा," दामू मिस्त्री म्हणाले. "पोरीचं नका लिहू." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला खरंच वाईट वाटलं. निष्काळजी माणसाला झापणं सोपं असतं. अति काळजी घेणाऱ्याला काय बोलायचं?

मेननसाहेबांनी रिपोर्ट शांतपणे वाचला. गोमाबाईंच्या जबाबापाशी चष्मा पुसला.

"या बाईंवर विश्वास का ठेवायचा? पायलटला वाचवायला सांगत नसतील कशावरून?"

"सर, पायलट स्वतःच सांगते की तिने कॉक बंद केला नाही. गोमाबाई सांगतात, मी बंद केला. दोघी एकमेकींशी एक शब्दही बोललेल्या नाहीत, आणि दोघींचं तंतोतंत जुळतं."

हे बोलताना मला दवाखान्यातला माझाच प्रश्न आठवला. मी दाखवलेल्या वाटेने ती पोरगी गेली असती, 'हो, केला' म्हणाली असती, तर याच जबाबाने ती खोटी ठरली असती. मग तिच्या कुठल्याच शब्दावर कोणी विश्वास ठेवला नसता. माझी दया तिला चांगलीच महागात पडली असती.

साहेब पुढे वाचू लागले आणि एकदम थांबले. "चामडं पूजेसाठी धुतलं?" मला वाटलं आता भडकणार. पण ते खुर्चीत मागे रेलले. "आमच्याकडे पण ही पूजा असते. माझ्या वडिलांनी एकदा भिंतीवरचं घड्याळ धुतलं होतं. अजून चार वाजून दहा मिनिटंच दाखवतं." आणि त्यांनी 'पायलट एरर' खोडून 'इंधनात पाणी' लिहिलं.

मिस बांदेकरांचं नाव राहिलं. कॉक बंद करायला विसरल्याची नोंद मात्र मी ठेवली, आणि तिला तो सराव पुन्हा वीस वेळा करावा लागला. वडील शब्दाचे पक्के होते. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, "एक चूक आहे, पण ती हिने स्वतः सांगितली आहे. ती मी धरत नाही." पुढे ती त्याच क्लबात शिकवायला लागली. दामू मिस्त्रींची नोकरी राहिली. पिंपं आडवी झाली, आणि पेट्रोल भरल्यानंतर थांबून तळ पुन्हा तपासायचा नियम आला.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम हँगरमध्ये गेलो. पाने, जॅक, हातोड्या, सगळी मंडळी नाहून-माखून ओळीने बसली होती. शेवटी चामड्याचा डबा, त्यावर झेंडूचं एक फूल, आणि दामू मिस्त्रींच्या हातची रंगवलेली पाटी: 'याला फक्त नमस्कार. आंघोळ नाही.'

मी रिटायर होईपर्यंत नव्या इन्स्पेक्टरांना हाताखाली घेतलं. ते वह्या उघडून बसायचे, त्यांना मोठं काहीतरी ऐकायचं असायचं. मी त्यांना सांगायचो, अपघाताच्या जागी पोचलात की पहिलं काम म्हणजे हवालदाराला चहाला पाठवा. आणि मग हात कोणी लावला ते विचारू नका, मदत कोणी केली ते विचारा.